हाताने दोन फेरे

पट्टा मी चढवला होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण ते सांगायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली आहे की आणखी एक परिच्छेद मिळाला तर त्यातही मी भाताच्या लोंब्यांवर नाहीतर झेंडूवर बोलत बसेन. एका जुन्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा दातेरी पट्टा मी चुकीच्या खुणेवर चढवला, आणि इंजिन मेलं तेव्हा दोष माझ्या चुलतभावावर, दिनादादावर, जाऊ दिला. जाऊ दिला असंही नाही. ढकलला.

आश्विन आला की हे सगळं परत येतं. आमच्याकडे किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला, त्या दिवसांत हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागतं. दाणा भरताना शेतातून एक दुधाळ, कोमट वास उठतो. लोकांना तो आवडतो. शहरातून आलेले पाहुणे तर गाडी थांबवून छाती भरून घेतात. मला त्या वासात जळकं ऑइल येतं. बांधावरचा तेरडा सुकून तपकिरी होतो, दिव्याभोवती हिरवे किडे जमतात आणि भाजीच्या वाटीत पडतात, दुपारचं ऊन मानेवर हात ठेवल्यासारखं बसतं. हा हंगाम माझ्याशी कधी नीट वागलेला नाही. मीही त्याच्याशी नाही.

ती गाडी दिनादादाच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता तिचं लग्न होऊन ती बदलापूरला असते. मुरबाडकडच्या एका फार्महाऊसच्या साहेबांची ती गाडी. दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली, लांब नाकाची. पुढचे दिवे बॉनेटमधून वर उघडायचे, पण उजवा उघडायचा आणि डावा मिटलेलाच राहायचा, त्यामुळे ती सतत कुणाला तरी डोळा मारते आहे असं वाटायचं. ताडपत्रीखाली कितीतरी पावसाळे तिने काढले होते. रबरी नळ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, एअर फिल्टरच्या डब्यात विंचू होता, आणि पाण्याच्या पंपातून हिरवट, गोडूस वासाचा रस गळून खाली वाळला होता. दिनादादाची आई, माझी काकू, कंबरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "ह्यात माणूस बसतो का निजतो?"

साहेब म्हणाले होते, दिवाळीच्या आत ही चालू झाली तर माझ्या मित्रांच्या जुन्या गाड्यापण इथेच येतील. दिनादादासाठी त्या वाक्यात सगळं होतं. तोवर त्याच्याकडे यायचे ते भाताच्या गिरणीचे पट्टे, विहिरीवरची इंजिनं, टमटम आणि मोटारसायकली. इंजिन उघडण्यात त्याचा जीव होता. हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उतरवलं की तो आत वाकून आधी वास घ्यायचा, मग बोलायचा. तसली गाडी आपल्या हाताने चालू व्हावी, आणि मग तसल्याच आणखी याव्यात, एवढंच त्याला हवं होतं.

आम्ही तेव्हा बोलत नव्हतो. कारण लिहितानाही लाज वाटते. माझ्या बहिणीच्या लग्नात मानाचा टॉवेल-टोपी द्यायला नावं पुकारली, त्यात दिनादादाचं नाव राहिलं. राहिलं म्हणजे खरंच राहिलं. पण तो मांडवातून न जेवता उठला, आणि मी त्याच्यामागे गेलो नाही. मी वाशिंदच्या कंपनीत तपासनीस, तयार माल मोजून पास-नापास करणारा. मला वाटायचं, मी कशाला जाऊ.

मला गॅरेजवर बोलावलं ते काकूने. माझ्याकडे पत्तीने फट मोजायची हत्यारं होती, आणि व्हॉल्व्हची फट मोजायला ती लागणार होती. पण काकूच्या मनात वेगळंच होतं. "दोघं एका इंजिनावर वाकलात तर डोकी तरी आपटतील," ती म्हणाली, "मग बोलाल."

डोकी आपटली. बोललो नाही. गॅरेज म्हणजे अर्धा गोठाच होता; एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला चांदी नावाची कालवड बांधलेली. दिनादादा जे काही मला सांगायचं ते तिला सांगायचा.

"चांदे, सायेब वाशिंदहून आलेत. वाट सोड गो."

"चांदे, त्याला सांग, दहा नंबरचा पाना त्याच्या बापाचा नाय. घेतला तिथं ठेवायचा."

मीही काही कमी नव्हतो. मी चांदीला सांगायचो की हेडचे बोल्ट नुसत्या मनगटाच्या अंदाजाने आवळणाऱ्या माणसांना आमच्या कंपनीत झाडू मारायलासुद्धा ठेवत नाहीत. चांदी दोघांचं ऐकून रवंथ करायची. काकू गवताची पेंढी टाकायला आली की म्हणायची, "ह्या वासराला तुमच्यापायी बोलता यायचं एक दिस."

तरी काम होत होतं. हे मला आजही नवल वाटतं, की दोन माणसं एकमेकांचा इतका राग करत असतानाही त्यांचे हात एकत्र चालू शकतात. मी नट सोडवला की त्याचा हात खाली असायचा, नट पडायच्या आत झेलायला. त्याने पंप बाहेर काढला की मी न सांगता जुनं पॅकिंग खरवडायला घ्यायचो. परदेशातून खोक्यांत आलेले नवे पार्ट आम्ही केळीच्या पानावर वाढल्यासारखे गोणपाटावर मांडले: पंप, नळ्या, ऑइल सील, पट्टा, पट्टा ताणणारी पुली. नव्या रबराचा वास गोठ्याच्या वासात मिसळायचा. बाहेर शेतात भात पिवळं होत होतं आणि आत आम्ही दात आवळून काम करत होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटात दट्टे वर-खाली होतात आणि डोक्यात व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांची वेळ जुळवून ठेवतो तो हा दातेरी पट्टा. खालच्या पुलीची खूण आणि वरच्या पुल्यांच्या खुणा आपापल्या जागी असताना तो चढवावा लागतो. त्या इंजिनात वेळ चुकली तर वर येणारा दट्टा उघड्या व्हॉल्व्हवर आपटणार आणि व्हॉल्व्ह वाकणार, हे ठरलेलं. जुन्या गाडीच्या मूळ खुणा गंजाने खाल्लेल्या होत्या. म्हणून पट्टा काढायच्या आधीच मी पुल्यांवर माझ्या खुणा केल्या. कंपनीत नापास मालावर आम्ही जो लाल रंग लावतो, त्याची उरलेली बाटली माझ्याकडे होती. बारीक काडीने टिपके दिले.

पुढचा दिवस खंडेनवमीचा. आमच्या कंपनीतही मशिनना हार घालतात, पेढे वाटतात; मी तिकडे गेलो. इकडे काकूने गॅरेजमधली सगळी हत्यारं धुऊन गोणपाटावर मांडली. पाने, हातोडी, जॅक, सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना झेंडू. लोखंडावर कोरडं कुंकू ठरत नाही म्हणून ती ते खोबरेल तेलात कालवते. मग तिला वाटलं, उघडं पडलेलं ते इंजिन तरी का राहावं. तिने त्याच्याही कपाळाला, म्हणजे हात पोचला तिथे, वरच्या एका पुलीला बोट टेकवलं.

पूजेनंतर हत्यारांना हात लावायचा नाही. ती दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, उत्तरपूजा झाल्यावर उचलायची. पण साहेब दसऱ्याच्या संध्याकाळी येणार होते, आणि नवमीच्या दुपारी दिनादादाला एक नळी थेंब-थेंब गळताना दिसली. त्याने फुलांतून पाना उचलला आणि क्लिप आवळली. काकूने पाहिलं.

"ठेव तो. निजलीत ती."

"आये, इंजिनाला नवमी कळत नाय."

पाना उचलल्याचं तेवढं मला दसऱ्याच्या सकाळी काकूने दारातच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. मी आत गेलो. इंजिनावरचे झेंडू काढून बाजूला ठेवले आणि पट्टा चढवायला घेतला.

वरच्या पुलीवर लाल टिपका दिसला. मी तो जागेवर आणला आणि पट्टा बसवला. माझी खरी खूण दोन-तीन दात खाली होती, माझ्याच अंगठ्याच्या काळ्या ठशाखाली झाकलेली. मी कुंकवावर पट्टा चढवला.

तरीही काही बिघडलं नसतं. पट्टा चढवल्यावर किल्ली फिरवण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघायचं असतं. खालच्या बोल्टला पाना लावून सावकाश फिरवायचं. वेळ चुकली असेल तर मध्येच अडतं, हाताला कळतं, माणूस थांबतो. नुकसान काहीच नाही. आयटीआयमधल्या पोरालाही हे शिकवतात. पण एक माणूस खाली पाना फिरवतो तेव्हा दुसऱ्याने वर खुणांवर नजर ठेवायची असते. दिनादादा हाताच्या अंतरावर होता, दाराशी पाठ करून विडी ओढत. चांदीला त्या दिवशी चरायला सोडलं होतं. मधे कुणीच नव्हतं. मला त्यालाच म्हणावं लागलं असतं, दादा, जरा वर बघ.

मी नाही म्हटलं. झाकण बसवलं आणि हात धुतले.

संध्याकाळी साहेब आले. आपट्याची पानं द्यायला निघालेले लोक वाटेत तिथेच थबकले. दिनादादाने नवा शर्ट घातला होता. तो त्या गाडीत बसला तेव्हा गुडघे कानाशी आले आणि लोक हसले, तोही हसला. त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एक कोरडा, खटखट आवाज केला, दाढेखाली खडा यावा तसा, आणि ते गच्च बसलं. त्याने परत किल्ली फिरवली. मग फिरवली नाही.

मी वरचं झाकण उघडलं. कडेने बॅटरीचा उजेड पाडला आणि मला दोन लाल टिपके दिसले. एक माझा, काळ्या ठशाखालून डोकावणारा. एक काकूचा. तेवढ्यात मला सगळं कळलं. हातात फडकं होतं. मी कुंकू पुसलं.

"काय झालं रे?" कुणीतरी विचारलं.

मी मान वर न करता म्हणालो, "काल नवमीला पाना उचलला होता ना."

त्या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते इतकं चाललं. काकूने कपाळावर हात मारला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पुढे साहेबांनी ट्रक पाठवून गाडी नेली, तिचे व्हॉल्व्ह वाकल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं, आणि त्यांच्या मित्रांच्या गाड्या कधी आल्या नाहीत. पंक्चर काढायला लोक दिनादादाकडे येत राहिले. पण इंजिन उघडायचं असलं की मुरबाडला नेत. टमटमवाले हसत म्हणत, "ह्याच्याकडं नको बाबा, ह्याची हत्यारं रुसलीत." काकूने त्याच्या गॅरेजमध्ये पूजा करणं सोडलं, त्याचा तोच मांडून घ्यायचा. आणि सगळ्यात वाईट हे की त्याचाही विश्वास बसला. त्याने परत इंजिन उघडलं नाही. हेडच्या आत वाकून वास घेणारा माणूस टबमधल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. त्यातलं सगळ्यात सोज्वळ कारण काकूचं होतं: खरं सांगितलं तर तिला वाटेल, आपल्या कुंकवाने घात केला. म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवा. या कारणाआड मी किती आरामात राहिलो. दर आश्विनात ते थोडं विरायचं आणि मी त्याला पुन्हा ठिगळ लावायचो. नापास मालावर लाल टिपका देताना हात अडायचा, तेवढंच.

या वर्षी नवमीला कंपनीतली पूजा आटोपून मी शहापुरावरून मोटारसायकलने घरी निघालो होतो. दिनादादाच्या गॅरेजसमोर एक मोटार थांबलेली, बॉनेट उघडं, वाफ येत होती, आणि खाली हिरवं पाणी ओघळत होतं. फार्महाऊसवरून परतणारं कुटुंब असावं. नवरा-बायको, मागे एक आजारी दिसणाऱ्या आजी.

"अहो, नुसती नळी निसटलीय," तो माणूस म्हणत होता. "एक क्लिप आवळायची आहे."

"आज नाय," दिनादादा म्हणाला. "उद्या."

"उद्यापर्यंत आम्ही इथे थांबू का?"

"मंग मुरबाडला न्या."

तो उभा होता, हात पाठीमागे धरून. मी त्याच्या पाठीकडून येत होतो, म्हणून मला ते दिसलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं पाठीमागे हळूहळू वळत होती. पाव फेरा, परत मागे, पाव फेरा. जणू क्लिप आवळत होती. आत गोणपाटावर पाने मांडलेले, झेंडू घातलेला. त्या लोकांनी शेवटी एक टेम्पो थांबवला आणि दोरी बांधून गाडी नेली. हिरव्या पाण्याचा ओघळ रस्त्यावर राहिला, तोच गोडूस वास.

मी मोटारसायकल लावली आणि आत गेलो. काकू खाटेवर बसली होती; तिला आता दिसतं कमी. चांदी म्हातारी झाली आहे, तीही तिथेच. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. टिपका, अंगठ्याचा ठसा, फडकं, ते वाक्य. मधे कुणी मला थांबवलं नाही, त्यामुळे ते भलतंच लवकर संपलं. इतकी वर्षं जड वाटलेली गोष्ट सांगायला एवढीशी निघाली, याचाही मला राग आला.

दिनादादा चांदीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तो तिला म्हणाला, "इचार त्याला, हातानं दोन फेरे फिरवलेले का?"

"नाय," मी म्हणालो.

"का नाय, ते इचार."

"वर बघायला तुला हाक मारावी लागली असती."

मग काकूने हळूच विचारलं, "म्हंजे माझ्या कुंकवानं झालं रे?"

"तुझ्या कुंकवानं नाय, आये," दिनादादा म्हणाला. "त्याच्या माजानं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. दिनादादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, उद्या दसरा आहे, मी सोनं घेऊन येतो, तुझ्या पाया पडतो. तेव्हा तो चांदीला सोडून काकूकडे वळला.

"त्याला सांग, पानं देऊन सुटायचं नाय. बोलला कुठं होता? चार माणसांत. तर चार माणसांत बोल म्हणावं."

दसऱ्याला गावदेवीच्या आवारात माणसं जमतात. कापणीला आलेल्या शेतांतून वाट जाते. विळ्यांना धार लागलेली असते, कुणाच्या पायाला लोंब्या चिकटलेल्या. ज्यांनी त्या संध्याकाळी गाडीभोवती घोळका केला होता त्यातले काही आता नाहीत. काही होते. त्यांची पोरं होती, टमटमवाले होते, काकूला कुणीतरी हाताला धरून आणलं होतं आणि पारावर बसवलं होतं. दिनादादा कडेला, त्याच हात पाठीमागे बांधलेल्या पद्धतीने. पानं देणं-घेणं चाललं होतं, तेव्हा मी पारापाशी जाऊन उभा राहिलो. माझे हात रिकामे होते.

मी बोलायला लागलो. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. पुढच्या दोघा-तिघांनीच माना वळवल्या, बाकीचे आपापलं बोलत राहिले. मला वाटलं, झालं, बोललो, एवढं पुरे.

"मोठ्यानं बोल." दिनादादा म्हणाला. काकूला नाही, कुणालाच मधे न घालता, मला. माझ्या बहिणीच्या मांडवातून उठून गेल्यापासूनचा हा त्याचा मला पहिला शब्द. "मागं ऐकू येत नाय."

मी परत पहिल्यापासून सांगितलं, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"साहेबांची लाल गाडी मेली ती नवमीला पाना उचलला म्हणून नाय. दादानं आवळलेली नळी शेवटपर्यंत गळली नव्हती. पट्टा मी चढवला, चुकीच्या खुणेवर. चढवल्यावर हातानं दोन फेरे फिरवून बघायचे असतात, ते मी बघितले नाय. मग खूण पुसली आणि तुमच्यासमोर त्याचं नाव पुढं केलं. काकूचं कुंकू चुकलं नाय, दादाचा हात चुकला नाय. दादा, माझं चुकलं. मला माफ कर."